पाणी कुठलं आहे?

वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये जपानी धर्तीचा स्पा आहे. बांबूची कमान, दगडी दिवा, काळ्या दगडांत बसवलेला गोल हौद आणि त्यावर सतत तरंगणारी वाफ. ऐरोलीहून सासूबाईंना घेऊन आलेल्या एका ताईंनी काउंटरवर विचारलं, “पाणी इथल्या झऱ्याचंच ना?” काउंटरवरचा मुलगा सरळपणे म्हणाला, “मॅडम, थीम झऱ्याची आहे.” त्यात खोटं काही नव्हतं. ताईंनी पैसे भरले, सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. पण त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर त्या सबंध आवारात कुणाकडेच नव्हतं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. कारण खरे झरे तिथून लांब नाहीत. तानसेच्या काठाला, अकलोलीत आणि गणेशपुरीत, गरम पाणी बारा महिने जमिनीतून वर येतंय. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला गरम पाण्यात बसायचं असेल तर बांबूची कमान लागत नाही, तिकडे वळायचा अंबाडी नाका किंवा शिरसाड फाटा लागतो. तरीही लोक कमानीखालून जातात, आणि का जातात हे नीट पाहिलं तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

आधी झऱ्यांकडे जाऊ. वसईच्या मोहिमेसाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला केलेला नवस आणि तिच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडून देऊ. पायऱ्या उतरून अकलोलीच्या बाजूला वळलं की रामेश्वराच्या देवळाजवळची कुंडं लागतात. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, कुंड दिसण्याआधी वास येतो. नासलेल्या अंड्याचा, पण फिकट. पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा हा वास. थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. वास जात नाही, आपल्याला जाणवेनासा होतो. मग पाण्याकडे वाकून पाहिलं की तळाच्या फटीतून बुडबुड्यांची माळ वर येताना दिसते. एक माळ संपते, क्षणभर काही नाही, मग हातभर अंतरावर दुसरी सुरू होते. पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, “बघ, उकळतंय.” उकळत काही नसतं. या झऱ्यांमधून पाण्याबरोबर वायू वर येतो, त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो, म्हणजे आपल्या हवेतलाच. पाण्याचं तापमान कुंडाकुंडाप्रमाणे वेगळं. जास्त तापणाऱ्या कुंडांत पन्नास अंशांच्या आसपास. तांदळाची पुरचुंडी सोडून भात शिजतो का बघणाऱ्यांची निराशा ठरलेली, कारण तांदूळ शिजायला याहून बरंच जास्त तापमान लागतं.

दुसरी समजूत अशी की शेजारचा डोंगर हा जुना ज्वालामुखी आहे आणि त्याची धग अजून शिल्लक आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. ती धग केव्हाच निवली. खरी गोष्ट साधी आहे, आणि मला ती जास्त सुंदर वाटते. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांमधून खाली झिरपतं. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं. तेव्हा पन्नास अंशांपर्यंत तापून वर यायचं तर पाणी किमान किलोमीटरभर, आणि वाटेत निवणं धरलं तर त्याहून बरंच खोल जाऊन आलेलं असणार. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत कातळाला अशा लांब भेगा आहेत, म्हणून पालघरमधल्या कोकनेर-सातिवलीपासून आपली गणेशपुरी-अकलोली, मग पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, थेट राजापूरपर्यंत झऱ्यांची रांग लागते. उन्हवऱ्याचं पाणी या रांगेत सगळ्यांत कढत, सत्तर अंशांच्या घरातलं. एवढं खोल फिरून आलेलं पाणी वाटेत खडकातले क्षार घेऊन येतं. चव किंचित खारट लागते आणि साबण लावला तर फेस धरत नाही, नुसता साका उठतो. साबण न वापरण्याचं हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईल.

पन्नास अंश हे अंघोळीचं पाणी नव्हे.

हे अंगावर घेण्याची रीत बघायची असेल तर भिवंडी-वाड्याकडच्या खेड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे बघावं. ठाण्या-मुंबईची पोरं धाडकन पाय सोडतात आणि ओरडत बाहेर येतात. म्हातारी आधी वरच्या पायरीवर बसते. तांब्याने पाणी घेते आणि पहिला तांब्या पायांवर, दुसरा गुडघ्यांवर, मग मांड्या, कंबर, शेवटी खांदे. प्रत्येक तांब्यानंतर थोडी थांबते. हाताच्या पंज्याने ती पाणी जोखत नाही, कोपर बुडवून बघते. पंजा चुलीला सरावलेला असतो, कोपराची कातडी खरं सांगते. सोबतच्या नातीला म्हणते, “पोरी, डोकं बुडवू नको. आणि उठायची घाई करू नको.” कमरेपर्यंत उतरते, डोक्यावर गार पाण्याने पिळलेला पंचा ठेवते आणि डोळे मिटून बसते. चार-पाच मिनिटांत वर येऊन पुन्हा पायरीवर. अंगातून वाफ निघत असते, गालांवर लाली आलेली असते. मग दुसरी खेप. तिने हे कुठे वाचलेलं नाही, पण यातली एकही पायरी वायफळ नाही.

कारण अंग एकदम तापलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त बाहेरच्या बाजूला धावतं आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेतो पाण्याचा दाब सावरून धरतो. झटकन उभं राहिलं की तो आधार जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या शेवाळी पायरीवर तोल जातो. कुंडावरचे सगळे अपघात भाजण्याचे नसतात, असे पडण्याचेही असतात. म्हणून बाहेर यायचं तेव्हा आधी पायरीवर बसायचं, मिनिटभर तसंच राहायचं, मग कठड्याला धरून उठायचं. एका वेळी चार-पाच मिनिटं, मध्ये तेवढीच विश्रांती, सगळं मिळून पंधरा मिनिटं, एवढं पुरे. भरपेट मिसळ खाऊन उतरायचं नाही, तास-दीड तास जाऊ द्यायचा. दारू पिऊन तर मुळीच नाही. आधी ग्लासभर पाणी, नंतर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

आणि भाजण्याचं गणितही माहीत असावं. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, पंचावन्नचं अर्ध्या मिनिटाच्या आसपास, पन्नासचं काही मिनिटांत. हा हिशेब मोठ्या माणसाचा. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ, तिथे वेळ याहून कमी. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव कमी झालीय त्यांना पाय भाजत असल्याचं कळतच नाही, घरी गेल्यावर फोड दिसतात. अशांनी स्वतःच्या पायावर भरवसा ठेवू नये, सोबतच्या माणसाने कोपर बुडवून सांगावं. हृदयाचा त्रास, न आवरलेला रक्तदाब, गरोदरपण, ताप, उघडी जखम, यांपैकी काही असेल तर काठावर बसून पावलं तेवढी कोमट पाण्यात सोडावीत.

मुलांसाठी बादली हाच उत्तम मार्ग. अंगाला सोसेल असं पाणी म्हणजे ३८ ते ४० अंश. कुंडाचं पाणी ५० अंश आणि नळाचं २७ धरलं तर वीस लिटरच्या बादलीत ११ लिटर कुंडाचं आणि ९ लिटर गार पाणी घातलं की ४० होतात. जानेवारीच्या पहाटे नळाचं पाणी २२ अंशांवर येतं, तेव्हा कुंडाचं १३ लिटर लागतं. आधी गार पाणी ओतायचं आणि त्यावर गरम, उलट नाही. लहान मूल कधी हात घालेल याचा नेम नसतो.

डोकं न बुडवण्याबद्दल म्हातारी जे सांगते त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते गंभीर आहे. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो. ४६ अंशांपर्यंतची ऊब त्याला मानवते. पाणी पोटात गेलं तर तो काही करत नाही, पण नाकातून वर गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. रोग अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव जातो. घाबरून कुंडाकडे पाठ फिरवायची गरज नाही. नाक पाण्याच्या वर ठेवायचं, उड्या मारायच्या नाहीत, मुलांना तळ ढवळू द्यायचा नाही, एवढं पाळणं कुणालाही जमतं.

गुण येतो का, हे सगळेच विचारतात. सांधे मोकळे होतात हे खरं, आणि त्याची कारणं साधी आहेत: ऊब आणि तरंगणं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा भार जवळपास निम्मा होतो, छातीपर्यंत उतरलं तर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ज्या आजींना घरात दहा पावलं चालताना कळ येते त्या पाण्यात सहज फेऱ्या मारतात, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो आराम काही तास टिकतो, कधी दोन दिवस. संधिवात बरा होत नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. खरजेचं म्हणाल तर गंधकाचं मलम तिच्यावर चालतं हे जुनं औषध आहे, पण झऱ्यातल्या गंधकाचं प्रमाण मलमाच्या मानाने नगण्य. खरूज झालेल्याने आधी डॉक्टरकडे जावं. एकाच पायरीवर, एकाच पंच्याने ती दुसऱ्याला द्यायला मात्र वेळ लागत नाही.

आता पाण्याच्या स्वच्छतेकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. कुंड हिरवट दिसलं की लोक नाक मुरडतात, निळ्या टाइल्सचा हौद दिसला की खूश होतात. रंगावरून काही कळत नाही. पाणी किती वेळात बदलतं, त्यावरून कळतं. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या जरा आत खोली, म्हणजे १.२ मीटर, एवढं कुंड धरा. त्यात १९ हजार लिटरच्या वर पाणी मावतं. झरा सेकंदाला एक लिटर देत असेल तर दिवसाला ८६,४०० लिटर येतं, म्हणजे साडेपाच तासांच्या आत सगळं पाणी नवं. तोच झरा सेकंदाला पाव लिटर देत असेल तर तेच पाणी बदलायला एकवीस तास लागतात, आणि रविवारी तेवढ्यात शंभर माणसं अंघोळ करून गेलेली असतात. हे मोजायला यंत्र लागत नाही. कुंडातून पाणी बाहेर पडतं त्या मोरीखाली वीस लिटरची बादली धरायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. वीस सेकंदांत भरली तर एक लिटरचा झरा. बादली मावत नसेल तर पाण्यावर एखादं सुकं पान सोडून बघावं. ते ठरावीक वेगाने मोरीकडे निघालं तर पाणी वाहतंय. कोपऱ्यात जाऊन गोल फिरत राहिलं तर तिथलं पाणी साचलेलं आहे. त्या बाजूला बसू नये.

आणि मोरी तुंबते ती शाम्पूच्या पुड्यांनी, साबणाच्या वेष्टनांनी, निर्माल्याने. साबण नको म्हणण्याचं दुसरं कारण हे. तेल लावून उतरणाऱ्यांमुळे पाण्यावर तवंग येतो, तो पायऱ्यांच्या कडेला चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि दगड निसरडा होतो. पावसाळ्यात तर तानसा फुगली की काठची कुंडं तिच्या गढूळ पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर तळाला गाळ राहतो आणि तो उपसेपर्यंत झऱ्याच्या फटी अर्धवट बुजलेल्या असतात. तेव्हा जायचं ते दिवाळीनंतर, आडवारी, उजाडता उजाडता. चैत्र अमावास्येच्या जत्रेत देवीचं दर्शन घ्यावं, अंघोळ घरी करावी.

एवढं सगळं असताना ऐरोलीच्या ताई कुंडावर का गेल्या नाहीत?

उत्तर कुंडाच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. ओली साडी बदलायला नीट आडोसा मिळेलच याची खात्री नाही. कठड्यावर टेकून बघत बसणारे असतात. पायऱ्यांना धरायला दांडी सगळीकडे नाही, सासूबाईंचे गुडघे दुखरे. पर्स आणि मोबाइल कुणाच्या हवाली करायचे? जवळचं स्वच्छतागृह कसं असेल? पुरुष पंचा गुंडाळून मोकळे होतात, बाईला एका अंघोळीसाठी घरातलं आणखी एक माणूस सोबत लागतं. रिसॉर्ट पैसे घेतं ते याचे: दाराला कडी, कोरडा टॉवेल, हाताला दांडी, आणि कुणाच्या नजरेखाली न येता पाण्यात बसण्याची अर्धा तास मुभा. ही काही चैन नाही. ज्या गोष्टी सार्वजनिक कुंडावर असायला हव्या होत्या त्या तिथे भाड्याने मिळतात, आणि बाया त्या घेतात.

म्हणून बॉयलरच्या पाण्याला मी कमी लेखणार नाही. ४० अंशांचं पाणी बोअरवेलचं असो की झऱ्याचं, गुडघ्याला ऊब सारखीच देतं. फक्त त्याची निगा वेगळी असते. झऱ्याच्या कुंडात वाहतं पाणी घाण नेतं. स्पाच्या हौदात तेच पाणी पंपाने फिरत राहतं, त्यामुळे तिथे गाळणी आणि क्लोरिन यांच्यावर सगळी भिस्त. गरम पाण्यात क्लोरिन लवकर उडून जातं, बुडबुडे सोडणारे फवारे चालू असले तर आणखी लवकर. हौदात क्लोरिन किमान ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तीन भाग, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७ ते ७.८ यांच्या दरम्यान हवा, तापमान ४० च्या वर नको. तपासणीच्या कागदी पट्ट्या मिळतात. एक पट्टी पाण्यात बुडवून रंग जुळवायला मिनिटही लागत नाही, आणि चांगल्या स्पामध्ये अशा नोंदींची वही असते. मागावी. वही नसेल तर हाताने तपासता येतं: पाण्याच्या रेषेलगत हौदाच्या भिंतीवर बोट फिरवायचं. बुळबुळीत लागलं तर जंतूंचा थर बसलाय, परत फिरायचं. क्लोरिनचा झणझणीत वास म्हणजे स्वच्छता, असं समजू नका. घाम आणि लघवीशी मिसळून क्लोरिन संपत आला की तो वास सुटतो. अशा पाण्यात बसलं तर एक-दोन दिवसांनी पोहण्याच्या कपड्याखाली लाल पुरळ उठतं. हौदाची वाफ आणि फवारा श्वासात जातो, त्यामुळे फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी तर ही तपासणी आवर्जून करावी. आणि त्याच स्पामध्ये पावलांची मेलेली कातडी कुरतडणारे मासे असतील तर ते टाळावेत. मासे एका माणसाच्या पावलांवरून दुसऱ्याच्या पावलांवर जातात, आणि माशांना निर्जंतुक करण्याची सोय कुठेच नसते.

थीम जपानी आहे म्हणून सांगतो. जपानमध्ये गरम झऱ्यांचा कायदा १९४८ पासून आहे. जमिनीतून निघताना पाणी २५ अंशांचं असलं, किंवा त्यात कायद्याने नेमून दिलेल्या घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला, तर त्याला झऱ्याचं पाणी म्हणता येतं. त्या पाण्यात काय आहे आणि कुणी त्यात उतरू नये, हे अंघोळीच्या जागी लिहून लावावं लागतं. २००५ पासून आणखी चार गोष्टी जाहीर कराव्या लागतात: यात बाहेरचं पाणी मिसळलंय का, ते वेगळं तापवलंय का, तेच पाणी फिरवून वापरताय का, जंतुनाशक घातलंय का. म्हणजे ताईंचा प्रश्न तिथे काउंटरवर विचारावाच लागत नाही, त्याचं उत्तर भिंतीवर वाचता येतं. आपल्याकडे बांबू आला, दगडी दिवा आला, ती पाटी तेवढी यायची राहिली.

रिसॉर्टने ती लावावी. बोअरवेलचं पाणी असेल तर तसं लिहावं, त्यात कमीपणा नाही. गिऱ्हाईक तरीही येईल, कारण दाराला कडी आहे. आणि कुंडांवरही लावावी: रोज सकाळी खडूने लिहिलेलं तापमान, मोरीखाली बादली भरायला लागलेले सेकंद, गाळ शेवटचा कधी उपसला ती तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत “डोकं बुडवू नका, साबण वापरू नका, उठताना घाई नको.” शंभर अंशांपर्यंत मोजणारा साधा थर्मामीटर आणि एक फळा, एवढ्यात काम होतं. शेजारी कडी लागणाऱ्या दोन खोल्या आणि पायऱ्यांना स्टीलची दांडी बसली तर बायाही उतरतील. दांडी मात्र गंजणार नाही अशा प्रतीची घ्यावी आणि जोड दर पावसाळ्यानंतर तपासावेत. या पाण्यातलं मीठ साध्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही.